परतीचा चेंडू

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लेलंड स्ट्राउडला पिचरकडे चेंडू परत टाकता येईनासा झाला.

ऐकून हसू येईल. कॉर्बिन फॉल्समध्ये लोक हसलेच. बेसबॉलमधल्या कॅचरची कामं काय थोडी असतात? बॅटरपाशी जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटमागे तीन-तीन तास उकिडवं बसायचं, पिचरने ताशी नव्वद मैलांनी फेकलेला चेंडू झेलायचा, बॅटला चाटून वाकडे झालेले चेंडू अंगठ्यावर, खांद्यावर, मांडीवर सोसायचे, आणि समोरचा कुणी चोरून पुढच्या बेसकडे धावलाच तर उठता उठता फेक करून त्याला टिपायचं. हे सगळं लेलंड वयाच्या चौतिसाव्या वर्षीही चोख करत होता. अडत होतं एकाच ठिकाणी. झेललेला चेंडू साठ फुटांवर उभ्या असलेल्या आपल्याच माणसाकडे अलगद परत टाकायचा, बस्स. मध्ये कुणी आडवा येत नाही, कसली घाई नाही. शाळेतलं पोर आईस्क्रीम चाटत चाटत टाकेल असा तो चेंडू. पण तोच आता लेलंडच्या बोटांना चिकटून बसायचा, नाहीतर पिचरच्या डोक्यावरून जाऊन मागच्या गवतात पडायचा.

बारा वर्षांत नऊ संघ. माणूस अगदी बारा गावचं पाणी प्यायलेला. एकदा, सात वर्षांपूर्वी, सगळ्यांत वरच्या लीगमधल्या संघाच्या कॅचरचं बोट मोडलं म्हणून अकरा दिवस त्याला वर बोलावलं होतं. ते अकरा दिवस तो बाकावर बसला, आणि बाराव्या दिवशी बोट बरं झालं. त्याबद्दल त्याच्या मनात कडवटपणा नव्हता. त्याला खेळाचं वेड होतं आणि बसच्या प्रवासाचा कंटाळा नव्हता, या धंद्यात एवढं पुरतं. बायको ग्लेनिस मिझूरीत शाळेच्या ग्रंथालयात काम करायची आणि दर हिवाळ्यात न चुकता विचारायची, "यंदा कुठलं गाव?" तो सांगायचा, आणि ती भिंतीवरच्या नकाशात एक टाचणी टोचायची.

बारा वर्षांत त्याने पिचरकडे दीड-पावणेदोन लाख वेळा चेंडू परत टाकला असेल. एकदाही त्याचा विचार केला नव्हता. मग जूनमधल्या त्या दिवशी घामाने चेंडू निसटला, तिसऱ्या बेसवरचा रनर धावत प्लेटपर्यंत आला, त्यांची धाव झाली आणि सामना गेला. असं कुणाचंही होतं. पण दुसऱ्या दिवशी पहिलाच चेंडू परत टाकताना लेलंडच्या मनात आलं, 'जपून हं.' तेवढं एक 'जपून' पुरलं. पाय कसे उचलायचे याचा विचार करत जिना उतरणारा माणूस जसा पडतो, तसा तो पडला.

मग सुरू झाल्या पळवाटा. तो चेंडू हातात घेऊन अर्ध्या वाटेपर्यंत चालत जायचा. कधी तिसऱ्या बेसवरच्या गड्याकडे टाकायचा आणि तो पिचरला द्यायचा. लोकांना आयतंच खाद्य मिळालं.

"अरे, तिकीट लाव आणि टपालाने पाठव!" स्टँडमधून कुणीतरी ओरडायचं.

"सोमवारपर्यंत पोचेल का रे?"

लेलंड ऐकून घ्यायचा. कान तापायचे, पण तोंडावरच्या जाळीच्या आत कुणाला दिसत नव्हते.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, दुपारच्या सामन्याआधी, मॅनेजर बड हेल्म्सने त्याला आपल्या खोलीत बोलावलं. बड साठीचा, पोट सुटलेला, चोवीस तास सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. संघात त्याला सगळे कप्तान म्हणायचे.

"बस," बड म्हणाला. "गुडघे कसे आहेत?"

"कुरकुरतात. पण गुडघ्यांसाठी बोलावलं नसेल तुम्ही, कप्तान."

"नाही." बडने कागदी पेल्यात टरफलं थुंकली. "वरून निरोप आलाय. उद्यापासून दोनच कॅचर ठेवायचे. आपल्याकडे तीन आहेत. ती दोन कोवळी पोरं वरच्यांची लाडकी आहेत, त्यांना हात लावता येणार नाही. उरलास तू."

बडने आणखी एक बी तोंडात टाकली.

"मी त्यांना म्हटलं, त्याला राहू द्या, पुढच्या वर्षी मला मदतनीस म्हणून हवाय. माझ्या पिचरांना जे कळत नाही ते याला कळतं. ते म्हणाले, 'ज्याला चेंडू परत टाकता येत नाही तो शिकवणार काय?'" बडने त्याच्याकडे पाहिलं. "आणि लेलंड, मला उत्तर सुचलं नाही. खोटं कशाला बोलू?"

"बरोबर आहे त्यांचं."

"आज तू खेळतोयस. पूर्ण नऊ डाव. त्यांचा माणूस वर बसलाय, वही घेऊन. चालत जायचं नाही, तिसऱ्या बेसकडे टाकायचं नाही. निभावलंस तर हिवाळा घरी काढून वसंताच्या सरावाला माझा मदतनीस म्हणून येशील. नाहीतर उद्या सकाळी मी स्वतः तुला कायमचं बसवर सोडतो. त्या पोरांपैकी कुणी तुला निरोप द्यायला आलेलं मला बघवणार नाही."

लेलंड बाहेर आला. घरी जाण्याची भीती नव्हती. ग्लेनिस होती, परसात काकडीचा वेल होता, मुलगी पियानो शिकत होती. भीती वेगळीच होती. त्याला दुसरं काहीच येत नव्हतं, आणि जे येत होतं ते असं, एका पोरखेळाच्या फेकीवरून, लोकांच्या हशात संपणार होतं. याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं.

पिचर होता डॅरल फिंच, लांब मानेचा, अबोल गडी. "काय टाकू?" असं विचारायच्या ऐवजी तो नुसत्या भुवया उचलायचा. आणि प्लेटमागे अंपायर होता ऑरिन टॅकेट.

ऑरिनबद्दल सांगायला हवं. लेलंड आणि तो नऊ वर्षं तीन वेगवेगळ्या लीगमध्ये एकमेकांना भेटत होते. भेटत होते म्हणजे काय, लेलंड पुढे उकिडवा आणि ऑरिन त्याच्या पाठीमागे वाकलेला. दोघांच्या तोंडांवर जाळ्या. कॅचरने अंपायरशी बोलताना मान वळवायची नाही, हा अलिखित कायदा आहे. मान वळवली की लोकांना वाटतं, हा भांडतोय, आणि मग अंपायरला ताठ व्हावंच लागतं. म्हणून बोलायचं ते समोर मैदानाकडे बघत. शिवाय खेळाडू आणि अंपायर यांनी एकत्र जेवायचं नाही, एका हॉटेलात उतरायचं नाही. त्यामुळे नऊ वर्षांत लेलंडला ऑरिनचा आवाज ठाऊक होता, श्वास ठाऊक होता, तो कोणत्या डावात दमतो हेही ठाऊक होतं. पण बाजारात टोपीशिवाय भेटला असता तर ओळखलंच असतं अशी खात्री नव्हती.

दोघांमध्ये एक जुना व्यवहारही होता. चार वर्षांपूर्वी टेक्ससच्या उन्हात एक चेंडू बॅटला चाटून ऑरिनच्या गळ्याच्या हाडावर बसला होता. अंपायरला दुखलं तर तो थांबू शकत नाही. सगळे त्याच्या नावाने शंख करायला टपलेले असतात. अशा वेळी कॅचर उठतो आणि उगाचच पिचरकडे बोलायला जातो. लेलंड गेला आणि सासऱ्याच्या गाईने ट्रकचा आरसा कसा फोडला ती गोष्ट त्याने पिचरला मोठ्याने, अगदी सविस्तर, गाईच्या स्वभावासकट सांगितली. तोपर्यंत ऑरिनचा श्वास परत आला. दोन डावांनंतर लेलंडच्या अंगठ्यावर चेंडू बसला. तेव्हा ऑरिन पुढे आला, खिशातून ब्रश काढला आणि लखलखीत स्वच्छ प्लेट मिनिटभर झाडत बसला. आभार कुणी कुणाचे मानले नाहीत. मानायचे नसतातच.

पहिल्या डावात फिंचचा पहिला चेंडू ग्लोव्हमध्ये आला. लेलंडने तो काढला, हात मागे नेला, आणि खांद्यापासून मनगटापर्यंत सगळं लाकूड झालं.

"दे इकडे," मागून आवाज आला. ऑरिनने चेंडू घेतला, उलटसुलट फिरवला. "ओरखडा आहे." त्याने कमरेच्या पिशवीतून नवा चेंडू काढला आणि स्वतःच पिचरकडे टाकला. अंपायरला ते चालतं.

दुसरा चेंडू. "यालाही ओरखडा आहे." तिसरा. "याला डाग लागलाय."

लेलंडने घसा साफ केला. "निळोबा, इतके खराब चेंडू कुठून आणले रे या गावाने?" अंपायरांचे कपडे निळे, म्हणून स्टँडमधले लोक 'ए निळ्या!' म्हणून शिव्या द्यायचे. लेलंड लाडाने निळोबा म्हणायचा.

"गाव गरीब आहे," ऑरिन म्हणाला. "तू समोर बघ."

असे दोन डाव निघाले. तिसऱ्यात समोरच्या संघाचा मॅनेजर तणतणत बाहेर आला. बुटका होता, पण आवाज एखाद्या लिलाववाल्यासारखा.

"हा अंपायर आहे का त्या बाब्याची दाई?" त्याने सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं विचारलं. "उद्या त्याच्या बुटाची नाडी पण बांधशील! त्याचं काम त्याला करू दे की!"

ऑरिन शांतपणे म्हणाला, "बोलून झालं?"

"झालं."

"मुद्दा बरोबर आहे. जा, बस."

मॅनेजर चकित होऊन निघून गेला. मुद्दा बरोबर आहे असं कुठल्या अंपायरने त्याला आयुष्यात म्हटलं नसावं.

ऑरिन पुन्हा मागे वाकला. डावा हात त्याने नेहमीसारखा लेलंडच्या पाठीवर ठेवला. अंपायर तोल सांभाळायला ठेवतात. "ऐकलंस ना? कामात मदत बंद."

"कळलं," लेलंड म्हणाला.

पुढचा चेंडू आला. स्ट्राइक. अशा चेंडूला अंपायर हात वर करतो, आणि तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. ऑरिनने हात वर केला आणि लगेच विचारलं, "तुझ्या सासऱ्याच्या त्या गाईचं पुढे काय झालं रे?"

"कुठली गाय?"

"आरसा फोडणारी."

"तिला विकायला काढली होती, पण गिऱ्हाईक आलं की ती लंगडायची. मग गिऱ्हाईक गेलं की..."

लेलंड थांबला. चेंडू फिंचच्या ग्लोव्हमध्ये होता. आपण तो कधी टाकला, हे त्याला आठवत नव्हतं.

"गिऱ्हाईक गेलं की काय?" ऑरिनने पुढच्या चेंडूनंतर विचारलं.

"नीट चालायची. तीन वेळा असं झालं. शेवटी सासरा म्हणाला, ही माझ्यापेक्षा हुशार आहे, राहू द्या." पुन्हा चेंडू गेला. नीट, छातीच्या उंचीवर.

स्टँडमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. टोमणाच होता तो, पण टाळी ती टाळी.

मग गप्पांना ऊतच आला. ग्लेनिस फळं भरून 'पाय' भाजते, तो कसला? पीचचा, पण कधीकधी मीठ विसरते. मुलीचा पियानो कुठवर आलाय? एकच गाणं वाजवते, शेजाऱ्यांनाही पाठ झालंय. पहिला ग्लोव्ह कुणी दिला? काकाने, तो डावखुऱ्या माणसाचा होता आणि ते दोघांनाही कळलं नव्हतं. प्रत्येक प्रश्न बरोबर त्याच क्षणी यायचा, चेंडू ग्लोव्हमधून बाहेर निघता निघता. पाचव्या डावात लेलंडच्या लक्षात आलं की ही चकाट्या पिटायची वेळ नव्हे, आणि ऑरिन मुळात बडबड्या माणूस नव्हे. नऊ वर्षांत तो इतका कधी बोलला नव्हता.

"तू हे मुद्दाम करतोयस," तो समोर बघत म्हणाला.

"गप्पा मारायला नियमाची आडकाठी नाही. मी वाचलेत सगळे."

लेलंडला गहिवरून आलं. जाळीच्या आत डोळे पुसता येत नाहीत, म्हणून त्याने दोनदा नाक ओढलं आणि फिंचला पुढची खूण केली.

सातव्या डावात त्याचा संघ तीन-दोन असा पुढे होता. बॅटर बदलत होता, तेव्हा थोडा वेळ मिळाला.

"मघापासून तूच विचारतोयस," लेलंड म्हणाला. "तुझं सांग. लीग तुझं काय करतेय?"

अंपायरांचंही खेळाडूंसारखंच असतं. वरची पायरी चढायची, नाहीतर घरी जायचं. ऑरिन अडतीसचा होता.

"गुरुवारी पत्र आलंय कचेरीतून," तो म्हणाला.

"मग? काय लिहिलंय?"

"सांगतो. हा गडी उभा राहिलाय, आधी याचं बघू."

फिंचने जोरात टाकला. बॅट फिरली, चेंडूला जेमतेम चाटली. लेलंडच्या ग्लोव्हच्या काठावरून चेंडू वर उसळला आणि मागे ठप्प असा आवाज झाला. मग घुसमटल्यासारखा दुसरा आवाज.

लेलंडने वळून पाहिलं नाही. चेंडू खाली पडला होता तो त्याने उचलला, उठला आणि सरळ पिचरकडे चालू लागला.

"आता काय?" फिंचच्या भुवया म्हणाल्या.

"ऑरिनला गळ्यात लागलंय. माझ्याकडे बघ आणि मान हलव. मी तुला गाईची गोष्ट सांगणार आहे."

फिंचने मान हलवली. लेलंडने गाय विकायला काढण्यापासून सुरुवात केली. बुटका मॅनेजर ओरडायला लागला, "आता तिथेच पाट मांडून जेवतोस का?" लेलंडने गोष्ट आणखी लांबवली, नसलेलं वासरूही आणलं. बेसवरचा दुसरा अंपायर ऑरिनकडे धावत आला, जागा बदलू का म्हणून विचारत होता. ऑरिनने हातानेच त्याला परत पाठवलं.

लेलंड परत आला, बसला. "बरा आहेस का?"

उत्तर नाही. नुसती खरखर.

"आवाज गेला? बरं, बोलू नकोस. हो असेल तर पाठीवर एकदा थोपट, नाही असेल तर दोनदा. बरा आहेस?"

पाठीवर एकदा हात पडला.

"खोटं बोलतोयस का?"

दोनदा.

लेलंडला हायसं वाटलं, आणि लगेच दुसऱ्या गोष्टीने धस्स झालं. आता विचारणार कोण? पुढचा चेंडू आला. त्याने तो काढला आणि हात जड होऊ लागला. मग त्याने घाईघाईने स्वतःच विचारलं, "तुला मुलं आहेत?" टाकला. चेंडू आखूड पडला, फिंचने वाकून उचलला. पाठीवर एक थाप. "दोन आहेत?" टाकला. दोन थापा. "तीन?" एक थाप. चेंडू गेला. जरा वेडावाकडा, पण गेला. प्रश्न मनापासूनचा असेल तर चेंडू नीट जातो आणि उगाच विचारलेला असेल तर वाकडा जातो, हे आठव्या डावात त्याच्या ध्यानात आलं. म्हणून त्याने ज्या गोष्टी त्याला खरंच जाणून घ्यायच्या होत्या त्या विचारल्या. बायको अजून बरोबर आहे का? आहे. या नऊ वर्षांत माझ्यावर कधी चिडलास का? चिडलो. टेक्ससमध्ये? नाही.

एक प्रश्न मात्र त्याने विचारला नाही. त्या पत्राचा. उत्तर दोन थापा आलं तर ते सोसायची त्याची तयारी नव्हती.

नववा डाव. तीन-दोन. दोन बॅटर बाद झाले आणि मग एकाने दांडगा फटका मारला. चेंडू कुंपणाला आपटून परत येईपर्यंत तो तिसऱ्या बेसवर उभा. आता तो प्लेटपासून नव्वद फुटांवर होता, तिथे पोचला की बरोबरी. लेलंडच्या डावीकडे होता, आणि एकेक पाऊल पुढे सरकून डिवचत होता.

"म्हाताऱ्या! टाक की! माझ्याकडे टाक!"

समोरच्या संघाची सगळी पोरं बाकावरून उठून कठड्याला लोंबकळली होती. त्यांना माहीत होतं की आता फिंचला हरवायची गरज नाही. बॅटरने नुसतं उभं राहायचं आणि म्हाताऱ्याच्या हातून चेंडू निसटायची वाट बघायची. वर कुठेतरी वही घेतलेला तो माणूसही हेच बघत असणार.

पहिला स्ट्राइक. ऑरिनचा हात वर. लेलंड: "हिवाळ्यात दुसरं काही काम करतोस?" थाप. गेला.

दुसरा स्ट्राइक. "लाकडाचं?" दोन थापा. गेला.

आता एक स्ट्राइक मिळाला की बॅटर बाद, सामना खिशात, आणि पुन्हा परत टाकायचा प्रश्नच नाही. लेलंडने बाहेरच्या कोपऱ्यावर, गुडघ्याच्या उंचीवर ग्लोव्ह धरला. फिंचने बारा आठवड्यांत टाकला नव्हता असा चेंडू टाकला. बॅटर जागचा हलला नाही. चेंडू ग्लोव्हमध्ये आला आणि लेलंडने तो तिथेच, केसभरही न हलवता, धरून ठेवला. ही त्याची बारा वर्षांची कमाई होती. या चेंडूला स्ट्राइक म्हणण्यासाठी कुठल्याही अंपायरला फार पुण्यवान असायची गरज नव्हती.

तो मागच्या हालचालीची वाट बघत राहिला. फिंचने हात वर केलेच होते. स्टँड उठलं होतं.

मागे काहीच हललं नाही. ऑरिनचा हात वर गेला नाही; त्याच्या लेखी चेंडू प्लेटच्या बाहेरून गेला होता, बॅटर वाचला. बॉल.

गाव पेटलं. "ए निळ्या! डोळे गहाण ठेवलेस काय!" बड हेल्म्सने टोपी जमिनीवर आपटली. लेलंडला क्षणभर वाटलं, मान वळवावी. दिवसभर ज्याने हात धरून आणलं त्यानेच असं सोडावं? मग दुसरं वाटलं. याने आज एकही स्ट्राइक मला फुकट दिलेला नाही, म्हणूनच याची थाप खरी आहे. त्याने मान वळवली नाही.

चेंडू त्याच्या हातात होता. डावीकडे रनर अर्ध्या वाटेवर नाचत होता. खांदा लाकूड व्हायला लागला होता, कोपर, मग मनगट. त्याला माहीत होतं की आता उगाचचा प्रश्न चालणार नाही.

"ऑरिन," तो समोर बघत म्हणाला. "ते पत्र. चांगलं आहे का रे?"

पाठीवर हात पडला. एकदा.

लेलंडचं सगळं लक्ष आता पाठीत होतं, दोन खांद्यांच्या मधल्या वीतभर जागेत. दुसरी थाप पडू नये, देवा, पडू नये. अडतीस वर्षांचा माणूस, तीन मुलं, दहा-बारा वर्षं शिव्या खाल्लेला, त्याला वर जाऊ दे. तो थांबला. एक श्वास. दोन. दुसरी थाप पडली नाही.

"शाब्बास!" तो एकदम ओरडला. "वर चाललास की लेका!"

फिंच त्याच्याकडे भुवया उचलून बघत होता. चेंडू त्याच्या ग्लोव्हमध्ये होता. रनर तोंड पाडून तिसऱ्या बेसवर परत जात होता.

पुढचा चेंडू फिंचने पुन्हा त्याच जागी टाकला, दोन बोटं आत. बॅटरने बॅट फिरवली, ती नुसत्या वाऱ्याला लागली. सामना संपला. लेलंड चेंडू घेऊन उभा राहिला आणि फिंचला मिठी मारायला धावत गेला. वळून पाहिलं तेव्हा अंपायर निघून गेले होते. सामना संपला की ते थांबत नाहीत.

बडच्या खोलीत तो वहीवाला होता. त्याने विचारलं, "कसं काय जमवलंत?"

"गप्पा मारत होतो," लेलंड म्हणाला.

त्या माणसाला हे उत्तर वहीत कसं लिहावं ते कळेना. बडने बियांची पुडी लेलंडपुढे केली. सहा महिन्यांत त्याने ती कुणापुढे केली नव्हती. "फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला. स्वतःचे ग्लोव्ह घेऊन ये. पोरांना पहिल्यांदा काय शिकवशील?"

"मान वळवायची नाही," लेलंड म्हणाला.

रात्री त्याने ग्लेनिसला फोन केला. तिने विचारलं, "मग यंदा टाचणी कुठे?" तो म्हणाला, "आहे तिथेच राहू दे." ती म्हणाली की पीच संपलेत, सफरचंदाचा पाय चालेल का.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरची बस निघायच्या आधी तो मेन स्ट्रीटवरच्या डायनरमध्ये एकटाच काउंटरला बसला होता. पुढ्यात अंडी, बटाटे, कॉफी. दारावरची घंटा वाजली. कुणीतरी आत आलं, त्याच्या मागे येऊन थांबलं. खाकरल्यासारखा आवाज, पण शब्द नाही. मग दोन खांद्यांच्या मधोमध एक हात टेकला.

एकत्र जेवायचं नाही, हा कायदा दोघांनाही ठाऊक होता. लेलंडने मान वळवली नाही. समोर कॉफीच्या यंत्राकडे बघत तो म्हणाला, "एकच विचारतो. खरं सांग, नाहीतर रात्रभर झोप लागली नाही तशी जन्मभर लागणार नाही. काल तो बाहेरच्या कोपऱ्यावरचा. स्ट्राइक होता ना?"

हात जरा वेळ तसाच राहिला. मग एक थाप पडली.

लेलंडने काटा खाली ठेवला. आणि मग, अगदी सावकाश, दुसरी थाप पडली.

"चोरा!" लेलंड इतक्या मोठ्याने हसला की वेट्रेस दचकली. दारावरची घंटा पुन्हा वाजली. त्याने तेव्हाही वळून पाहिलं नाही. अंडी गार व्हायला लागली होती, ती त्याने संपवायला घेतली.